रानभाजीची ढाल आणि प्लॅस्टिकचे अदृश्य विष



पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा या डोंगरपट्ट्यातील साखरशेत हे नाव शहरातील बहुतेक घरांनी ऐकलेलेही नसेल. परंतु आजच्या विषयाचे दोन्ही धागे अशाच गावांत एकमेकांत गुंतलेले आहेत. मृगाच्या सरी कोसळल्या की या पट्ट्यात रान अन्न देऊ लागते. शेवळी, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली अशा भाज्या टोपल्यांतून घरी येतात. त्याआधीच्या उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे होऊन गेलेली असतात. पुढे थंडीत आवळा येतो. शेतात नागली आणि वरई असते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांनी पिढ्यान् पिढ्या हेच अन्न खाल्ले.

याच पट्ट्यात अलीकडच्या काही दशकांत प्लॅस्टिक आले. बांबू आणि पानांच्या इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली, मातीच्या डेऱ्याची जागा ड्रमने घेतली, आणि लग्नकार्यात पळसाच्या पत्रावळीऐवजी बाजारची ताटे वाढली जाऊ लागली. यात कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. भर वैशाखात डोंगर उतरून पाणी आणणाऱ्या माउलीला प्लॅस्टिकचा हलका हंडा हे वरदानच वाटते. प्रश्न तिच्या निवडीचा नाही. त्या वस्तूबरोबर घरात न सांगता काय शिरते, त्या अदृश्य पाहुण्याचे येणे शरीराच्या कोणत्या कोपऱ्यात जाणवते, आणि रानातले अन्न त्याच्या आड कितपत उभे राहू शकते, हा खरा प्रश्न आहे.

औषध म्हणून तपासलेले रसायन

या पाहुण्यांपैकी सर्वांत अधिक अभ्यासलेल्या रसायनाचे नाव बिस्फेनॉल-ए. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात 'बीपीए' म्हणतात. रशियन रसायनशास्त्रज्ञ दियानिन यांनी १८९१ साली ते प्रथम तयार केले. पुढे १९३६ साली ब्रिटिश संशोधक चार्ल्स डॉड्स कृत्रिम स्त्री-संप्रेरकाचा शोध घेत होते. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा शरीराचा आदेश. त्या शोधात डॉड्स यांना दिसले की, हे रसायन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. त्याहून प्रभावी द्रव्ये सापडल्यामुळे औषध म्हणून ते मागे पडले. १९५३ साली मात्र जर्मनी व अमेरिका या दोन्ही देशांत पॉलिकार्बोनेट हे काचेसारखे पारदर्शक आणि कणखर प्लॅस्टिक तयार झाले. त्याची मुख्य वीट हेच बीपीए होती. म्हणजे ज्या द्रव्याचा संप्रेरकासारखा गुण आधीच माहीत होता, तेच पुढे बाटल्या, पाण्याचे मोठे जार आणि डब्यांच्या आतील लेप यांतून घरोघर पोहोचले.

ते भांड्यातून सुटते हे लक्षात आले १९९३ साली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यीस्टवर प्रयोग करताना इस्ट्रोजेनसारखे काही सापडले आणि ते यीस्टमधून आले, असा आधी समज झाला. वस्तुत: ते उष्णतेने निर्जंतुक केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूतून पाण्यात उतरले होते. १९९८ साली पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या स्त्रीबीजांतील गुणसूत्रांचे दोष अचानक वाढले. शोध घेता असे आढळले की, पिंजरे चुकून तीव्र क्षाराने धुतले गेले होते आणि झिजलेल्या प्लॅस्टिकमधून बीपीए बाहेर पडत होते. उष्णता, क्षार, आम्ल आणि झीज ही या विषाची चार दारे आहेत.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. प्रत्येक प्लॅस्टिकमध्ये बीपीए नसते. बाजारातील पाण्याच्या पातळ बाटल्या 'पेट' या प्लॅस्टिकच्या असतात आणि ते बीपीएपासून बनत नाही. साध्या पिशव्यांचे पॉलिथीनही त्यापासून बनत नाही. परंतु पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी थॅलेट वर्गातील रसायने मिसळली जातात, आणि तीही संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. बीपीए स्त्री-संप्रेरकाचे सोंग घेते, तर काही थॅलेट पुरुष-संप्रेरकाची निर्मितीच मंदावतात.

बीज इतके नाजूक का?

शरीरातील सर्वच अवयवांना रसायनांचा उपद्रव होतो. मग वृषण आणि बीजांडकोष या बीजग्रंथींचीच काळजी अधिक का? पहिले कारण उघड आहे. या ग्रंथी संप्रेरकांच्या आदेशावरच चालतात. खोटा आदेश पोहोचला की काम बिघडते. दुसरे कारण सूक्ष्म आहे. पेशी ऊर्जा निर्माण करतात तेव्हा ठिणग्यांसारखे अतितीव्र प्राणवायूचे कण बाहेर पडतात. त्यांना आवरण्यासाठी शरीराकडे स्वतःचे विकर असतात, तसेच ग्लुटाथायोनसारखी द्रव्येही असतात. बीपीए या ठिणग्या वाढवते आणि त्या विझवणारी यंत्रणा दुबळी करते.

शुक्राणूच्या आवरणात सहज जळणारी स्निग्धाम्ले भरपूर असतात, आणि वेगाने पोहण्यासाठी त्याने पेशीतील बहुतेक द्रव टाकून दिलेला असतो. म्हणून संरक्षणाचा साठाही त्याच्याजवळ थोडाच उरतो. एखाद्या दूतावर घाईची कामगिरी सोपवावी आणि त्याच्या अंगावर कवच मात्र नसावे, तशी त्याची अवस्था असते. स्त्रीबीजाची कथा वेगळी आहे. मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिच्या आयुष्यभराच्या स्त्रीबीजांची पायाभरणी होते. साखरशेतच्या एखाद्या गर्भवतीचा घास म्हणजे तिचा स्वतःचा, तिच्या लेकीचा आणि त्या लेकीच्या होणाऱ्या अपत्याचाही घास असतो. तीन पिढ्या एका ताटात जेवतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरत नाही.

हा केवळ तर्क नाही. त्याचा पुरावा दूर परदेशात शोधावा लागत नाही. तो मुंबईतच, परळ येथे आहे. राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाभण आणि पाजणाऱ्या उंदरिणींना अत्यल्प बीपीए दिले. प्रमाण होते वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ आणि २.४ मायक्रोग्रॅम. त्यांच्या नर पिलांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटली. पुढच्या पिढ्यांना रसायन मुळीच दिलेले नव्हते, तरी परिणाम तिसऱ्या पिढीपर्यंत उमटला.

आपल्या समाजात घरात पाळणा हलला नाही की बोट प्रथम सुनेकडे वळते. तिला व्रते, उपास, नवस सांगितले जातात. मुलाची तपासणी मात्र करावयाची नसते. परळच्या या प्रयोगात बिघाड नराच्या बीजात होता. अपत्यहीनतेचा भार एकट्या स्त्रीच्या पदरात टाकणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

ढाल खरी आहे, पण तिची मर्यादाही खरी

आता वनस्पतींकडे वळू. झाडाला उन्हातून पळून जाता येत नाही, किडीपासून दूर सरता येत नाही. म्हणून ते आपल्या पानांत, सालींत, फळांच्या रंगांत संरक्षक द्रव्ये साठवते. ठिणग्या विझवणाऱ्या या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आवळ्यातील क जीवनसत्त्व, कांद्यातील आणि शेवग्याच्या पाल्यातील क्वेर्सेटिन, हळदीतील कर्क्युमिन, जांभूळ-करवंदांचा जांभळा रंग, नागलीच्या लालसर टरफलातील तुरट द्रव्ये ही सारी याच कुळातली. चरकसंहितेने वय:स्थापन करणाऱ्या द्रव्यांत आवळ्याला श्रेष्ठ मानले आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान अस्थानी नाही. परंतु चरकाचार्यांच्या काळी बीपीए नव्हते. नव्या विषावरचे उत्तर जुन्या ग्रंथाचा आदर राखूनही नव्या कसोटीवरच तपासले पाहिजे.

ती कसोटी काय सांगते? पुद्दुचेरी विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नर उंदरांना ४५ दिवस बीपीए दिले. शुक्राणूंची संख्या व गती घटली, संरक्षक विकर क्षीण झाले. ज्या उंदरांना सोबत क जीवनसत्त्व दिले, त्यांच्या शुक्राणूंतील ठिणग्यांचा हा दाह मागे हटला. अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीत बीपीए दिलेल्या उंदरांना क्वेर्सेटिन दिले, तेव्हा यकृत आणि मूत्रपिंडाची हानी कमी झाली. वृषणाबाबतही क्वेर्सेटिन आणि कर्क्युमिन यांवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून अशाच दिशेचे निष्कर्ष आले आहेत.

माणसांबाबतचा एक पुरावा लक्षणीय आहे. १९९१ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी काही पुरुषांच्या आहारातील क जीवनसत्त्व दिवसाला २५० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणले. त्यांच्या शुक्राणूंतील आनुवंशिक द्रव्याची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी ९१ टक्क्यांनी वाढली. या प्रयोगात प्लॅस्टिकचा संबंध नव्हता. तरीही आहारातील एक साधे जीवनसत्त्व पुढच्या पिढीच्या बीजापर्यंत पोहोचते, एवढे त्याने निर्विवाद दाखवले.

मात्र येथेच थांबून सावध व्हावयास हवे. उंदरांवरील प्रयोगांत शुद्ध अर्क मोजून दिले जातात, आणि पुष्कळदा ते आहारातून मिळणाऱ्या प्रमाणाहून फार मोठे असतात. त्यावरून 'अमुक चूर्ण घ्या आणि प्लॅस्टिक निर्धास्त वापरा' असे सांगणारा फसवणूक करतो, मग त्याच्या वेष्टनावर कितीही पवित्र नाव छापलेले असो. अँटिऑक्सिडंट ठिणग्या विझवतात. संप्रेरकाचे सोंग घेऊन आलेल्या रसायनाचा खोटा आदेश ते रद्द करू शकतातच असे नाही.

शिवाय जे वनस्पतिजन्य ते निरुपद्रवीच, हाही भ्रम आहे. कापसाच्या सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य वनस्पतीचेच आहे. परंतु ते शुक्राणूंची निर्मिती रोखते. चीनमध्ये १९७० च्या दशकात ते पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हजारो जणांवर तपासले गेले. काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही आणि काहींच्या रक्तातील पोटॅशियम घातक पातळीपर्यंत घसरले, म्हणून ते मागे पडले.

रानभाजी शिजवणाऱ्या आजीला हे तत्त्व पुस्तकाविना कळते. शेवळी तशीच खाल्ली तर घसा खाजतो. म्हणून ती काकडाची आंबट फळे घालून शिजवली जाते. कोणत्या महिन्यात, झाडाचा कोणता भाग, कशाबरोबर आणि किती, हे सारे त्या एका भाजीच्या पाककृतीत आहे. गोळीच्या बाटलीवर हे ज्ञान छापलेले नसते.

तीन दिवसांचे उत्तर

मग उपाय कोणता? तो आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे. बीपीए शरीरात साठून राहणारे विष नाही. यकृत त्याचे रूप पालटते आणि बहुतांश भाग एका दिवसाच्या आत मूत्रावाटे बाहेर जातो. तरीही अमेरिकेत २००३-०४ साली तपासलेल्या नमुन्यांपैकी ९३ टक्क्यांत ते सापडले. जे रोज बाहेर जाते आणि तरीही सर्वांत सापडते, ते रोज नव्याने आत येते हे उघड आहे. आणि जे रोज येते, ते उद्यापासून रोखताही येते.

हे सिद्ध करणारा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील पाच कुटुंबांतील २० जणांना तीन दिवस ताजे, प्लॅस्टिकचा स्पर्श शक्य तितका टाळलेले अन्न देण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या मूत्रातील बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी घटले; डीईएचपी या थॅलेटच्या खुणाही निम्म्याहून अधिक उतरल्या. याउलट हार्वर्डच्या २००९ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक आठवडा पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून पाणी प्यायले, तर मूत्रातील बीपीए ६९ टक्क्यांनी वाढले.

जगभरचे कायदे याच दिशेने सरकले आहेत. भारतीय मानक ब्यूरोने २०१५ च्या मानकात बाळाच्या दुधाच्या प्लॅस्टिक बाटल्यांत बीपीए वर्ज्य ठरवले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. तिने २०१५ साली मानलेल्या मर्यादेहून ही २० हजार पट कडक आहे. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला ही मर्यादा अतिकठोर वाटली आणि तिने हजारपट सैल मर्यादा सुचवली. म्हणजे आकड्याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. तरीही २०२४ च्या डिसेंबरात युरोपीय महासंघाने अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंतून बीपीए हद्दपार करण्याचा नियम संमत केला.

'बीपीए-मुक्त' या शिक्क्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्या जागी अनेकदा बिस्फेनॉल-एस हे त्याचेच भावंड येते. २०१८ साली पॅट्रिशिया हंट यांच्याच प्रयोगशाळेत, नव्या प्लॅस्टिकचे पिंजरे झिजल्यावर, उंदरांच्या बीजात पुन्हा तसाच बिघाड आढळला. वीस वर्षांत रसायनाचे नाव तेवढे बदलले होते.

कोणी काय करावे?

शहरातील कुटुंबासाठी पहिला नियम एकच: गरम आणि आंबट पदार्थ प्लॅस्टिकला लावू नये. मुलाच्या डब्यातील गरम पोळीभाजी, टपरीवरून पिशवीत बांधून आणलेला चहा, मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात तापवलेली आमटी, प्लॅस्टिकच्या बरणीत मुरवलेले लोणचे या चार गोष्टी आजच बदलता येतात. कागदी पेल्यालाही आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखवले की, अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटे राहिला तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. स्टीलचा डबा, काचेची बरणी, चिनी मातीचा कप, मातीचा माठ यांसाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. ओरखडे पडलेली, धूसर झालेली प्लॅस्टिकची भांडी प्रथम स्वयंपाकघरातून बाहेर काढावीत. गर्भवती आणि लहान मुले यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी.

साखरशेतसारख्या गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे मात्र अधिक नाजूक कर्तव्य आहे. प्लॅस्टिकचा हंडा टाकून द्या, असा उपदेश पाणी लांबून आणणाऱ्या स्त्रीला करणे निष्ठुरपणाचे होईल. थंड पाणी हंड्यातून वाहून आणण्यात धोका अल्प असतो. तेच पाणी घरी माठात ओतले आणि हंडा उन्हात ठेवला नाही, तर तो आणखी कमी होतो. गावात नळाने पाणी आले तर तो प्रश्नच मिटेल, आणि त्यासाठी पाठपुरावा करणे हेही आरोग्याचेच काम आहे. चूल पेटवताना प्लॅस्टिकचा तुकडा वापरू नये, हे मात्र ठामपणे सांगावे. त्यातही पीव्हीसी जळले की डायॉक्सिन हे घातक विष धुरात मिसळते. वसतिगृहात आणि गावजेवणात गरम वरणभात प्लॅस्टिकच्या ताटात वाढू नये. पळसाची पत्रावळ शिवणारे हात या पट्ट्यात आजही आहेत. त्यांना मागणी हवी आहे. शहरातील उत्सव, मुंजी, लग्ने यांनी ती मागणी पुरवली तर वनवासी भगिनीच्या घरात पैसा जाईल आणि शहरातील यजमानाच्या घरात विष येणार नाही. पत्रावळ विकत घेताना तिला मागून प्लॅस्टिकचा थर चिकटवलेला नाही, एवढे तपासून घ्यावे.

दुसरे काम आहे ढाल टिकविण्याचे. नागली ही गरिबाची भाकरी आणि रानभाजी हे नाइलाजाचे अन्न, असा न्यूनगंड शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या मनात रुजू लागला, तर वेष्टनातले पदार्थ ताटात येतील आणि रानातले निघून जातील. तसे झाले तर विष घरात येण्याच्या आणि ढाल घराबाहेर जाण्याच्या वेळा जुळून येतील. ज्या पट्ट्याने १९९२-९३ साली वावर-वांगणीतील बालमृत्यूंचे दु:ख भोगले, तेथे पोषणाचा प्रत्येक स्रोत मोलाचा आहे. जव्हारमध्ये बाएफ या संस्थेने भात, नागली आणि वरईच्या स्थानिक वाणांचे बियाणे जपण्याचे काम केले आहे. तसे जतन रानभाज्यांच्या ज्ञानाचेही व्हावे. प्रत्येक वसतिगृहात आणि शाळेत पावसाळ्यात एक दिवस गावातील वृद्ध स्त्रीला आदराने बोलवावे, तिच्याकडून भाजी ओळखावी, शिजवून घ्यावी आणि मुलांनी ते वहीत लिहून ठेवावे. खर्च काहीच नाही. उशीर केला तर मात्र ती वही लिहून देणारे कोणी उरणार नाही.

सारांश असा की, विषाला दार बंद करणे हे पहिले काम आहे आणि शरीराची ढाल मजबूत ठेवणे हे दुसरे. दुसऱ्याच्या भरवशावर पहिले सोडणे म्हणजे दार उघडे टाकून ढाल धरून बसणे होय. पहिल्या कामाला तीन दिवस पुरतात, हे पाच कुटुंबांनी दाखवून दिले आहे. दुसऱ्या कामाला येता पावसाळा पुरे. पुढच्या पिढीचे बीज आज ज्या ताटात आहे, ते ताट कशाचे असावे आणि त्यात काय असावे, हा निर्णय प्रत्येक घराच्या हाती आहे.